नाव तिच्या तोंडून

हातात इंजेक्शनचा ट्रे, पाठीशी नागपूरहून आलेल्या परीक्षक पिंपळखुटे मॅडम आणि समोर सात नंबरच्या खाटेवर पदराचं टोक दातांत धरून हसणारी बाळंतीण. माझी प्रात्यक्षिक परीक्षा अशी मध्येच अडकून पडली होती, आणि अडकवली होती मीच.

"पूर्ण नाव सांगा," मी पुन्हा म्हटलं.

"सांगतलं ना. शांता."

"पूर्ण."

"शांता इंगळे."

"मधलं नाव?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि खांदे हलवत खुदखुदली. मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं. आमच्या वऱ्हाडात त्या काळी बाई एक वेळ उपाशी राहील, पण नवऱ्याचं नाव सरळ तोंडानं घेणार नाही. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण म्हणाली, की सिस्टर, कायले छळता बिचारीले, कागदावर लिवलं असंन ना.

कागदावर लिहिलेलं होतंच. खाटेच्या दांडीला केसपेपर लटकत होता. शांता गजानन इंगळे, गाव धानोरा, मुलगी झालेली, टाक्यांना पू, कालपासून ताप, पेनिसिलीनचं इंजेक्शन. टेस्ट डोससुद्धा आदल्या दिवशी झालेला होता. माझ्या आधीच्या मुलीनं तिच्या पेशंटला "तुम्हीच ना त्या वानखडे?" असं विचारलं होतं. बाई हो म्हणाली, सुई टोचली, काम झालं. माझंही तसंच व्हायला काही हरकत नव्हती.

"पुढे चला," पिंपळखुटे मॅडम म्हणाल्या. "वेळेलाही गुण आहेत."

मला वेळेचे गुण हवे होते. खरं सांगायचं तर मला मिळतील ते सगळेच गुण हवे होते. नापास झाले तर कुणाच्या दारात जाऊन पडायचं ते आधीच ठरलेलं होतं, आणि मला तिकडे पोचवायला आलेला माझा भाऊ वॉर्डाच्या दाराबाहेर उभा होता.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

माझ्या नवऱ्याचं नाव दिगांबर खोडके. आज मी ते सहज लिहिते. लग्नानंतर काही वर्षं मूल झालं नाही, म्हणून म्हणा किंवा त्याला हवंच होतं म्हणून म्हणा, एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं एक बाई घरी आणली. मला म्हणाला, की तुझ्या जेवणखाणाला कुणी नाही म्हणणार नाही, फक्त आतल्या खोलीत आता ही निजेल. मी त्या दिवसाचा स्वयंपाक केला, दोघांना वाढलं, भांडी घासून पालथी घातली, आणि सकाळी दहावी पासचं सर्टिफिकेट पिशवीत घालून माहेरची एसटी धरली. सासूनं मला अडवलं नाही, पण पिशवीत काय आहे ते मात्र पाहून घेतलं. कागदच आहे म्हटल्यावर तिनं जाऊ दिलं.

त्या दिवसापासून त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. बाकीच्या बायका लाजेनं नाव घेत नाहीत, मी रागानं घेत नव्हते. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसायचं.

गावात लसी टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी मला या कोर्सचं सांगितलं. दहावी पास बायकांसाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याला जोडलेली नर्सिंगची शाळा होती, आणि तिथं विधवा नि टाकलेल्या बायकांसाठी काही जागा बाजूला ठेवलेल्या असायच्या. मला टाकलेलं नव्हतं, मी निघून आले होते. पण सरकारदरबारी एवढा बारकावा चालत नाही हे नर्सबाईंनी मला समजावून सांगितलं.

मुलाखतीला टेबलापलीकडे एक साहेब होते, एक डॉक्टर होते, आणि कडेला शाळेच्या ट्यूटर साळवे बाई. किरकोळ अंगाच्या, नाकावर चष्मा, पांढऱ्या साडीला कुठं सुरकुती नाही. साहेबांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग यजमानांचं नाव विचारलं. मी मान खाली घातली. साहेब हसून म्हणाले, की ताई, एवढं लाजू नका, हवं तर उखाण्यात घ्या. डॉक्टरही हसले. साळवे बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"लाज आहे की राग?" त्यांनी विचारलं.

"राग."

"नवऱ्यानं परत बोलावलं तर जाशील? दरवर्षी एखादी तरी मुलगी कोर्स अर्धवट टाकून जाते. तिची जागा फुकट जाते."

"नाही जाणार."

"सगळ्या असंच म्हणतात."

"म्हणत असतील. मी माझं सांगते."

साळवे बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, की एवढं तोंड चालवल्यावर कोण घेईल तुम्हाला. महिनाभरानं बोलावणं आलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त खूश झाली. घरातलं एक ताट कमी होणार होतं, आणि त्याबद्दल मी तिला कधी दोष दिला नाही.

कोर्स सोपा नव्हता. होस्टेलात बाकीच्या मुली अठरा-वीस वर्षांच्या, मी तिशी गाठलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मावशी करून टाकलं. पुस्तकातले लांबलचक इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात पटकन बसायचे, माझ्या तोंडात अडकायचे. मी ते भाकरी थापताना म्हणायची, कपडे धुताना म्हणायची, चादरीचे कोपरे दुमडताना म्हणायची. पहिलं बाळंतपण पाहिलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला टेकले. साळवे बाई म्हणाल्या, की भिंत पडणार नाही, तिला सोड आणि इकडे ये. मी गेले. त्यानंतर मी भिंतीला टेकले नाही.

पण त्या बाईंनी शिकवलेल्या गोष्टींतली एक माझ्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. शिकवायच्या खोलीत एक खाट होती. एकदा साळवे बाई स्वतःच त्या खाटेवर पांघरूण ओढून झोपल्या, आणि आमच्यातल्या एकीला रिकामी सिरिंज देऊन म्हणाल्या, की मी पेशंट, दे इंजेक्शन. मुलगी मोठ्या उत्साहानं पुढे झाली.

"तुम्ही अनुसयाबाई ना?"

"हो," पांघरुणातून क्षीण आवाज आला.

"ताप आहे ना?"

"हो."

"काल टेस्ट केली होती ना?"

"हो."

मुलीनं सिरिंज टेकवली. साळवे बाई ताडकन उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मारलंस मला. मी अनुसया नाही, मला ताप नाही आणि माझी टेस्ट झालेली नाही." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "दवाखान्यात आलेली बाई घाबरलेली असते, आणि घाबरलेली बाई कशालाही हो म्हणते. तू अमुक का, असं विचारायचं नाही. तुझं नाव काय, असं विचारायचं. नाव तिच्या तोंडून, आणि पूर्ण. ते येईपर्यंत सुईला हात लावायचा नाही. मग मागे कलेक्टर उभा असो."

वॉर्डात हे जमवणं कठीण होतं. बायका मधलं नाव सांगायच्या नाहीत. मग सासूला विचारायचं, आईला विचारायचं, कुणी ना कुणी नाव सांगायचं. मुली कंटाळायच्या आणि बाई जवळपास नसल्या की "तुम्ही अमुक ना?" यावर यायच्या. मी कधी तसं केलं नाही. मी फार शहाणी होते म्हणून नव्हे. मला नव्यानं मिळालेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मला कशीही वापरायची नव्हती.

असा कोर्स शेवटाला आला. लेखी परीक्षा झाली, प्रात्यक्षिक तेवढं राहिलं, आणि एका रविवारी माझा भाऊ निवृत्ती होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. वडील गेल्यावर घर त्याच्यावर पडलं आणि तो ते नेटानं ओढत होता. त्यानं आणलेले चिवड्याचे पुडे माझ्या हातात दिले आणि जमिनीकडे पाहत सांगायला लागला.

दिगांबर घरी येऊन गेला होता. आणलेली बाई निघून गेली होती. त्याच्या आईचं अंग एका बाजूनं लुळं पडलं होतं, तिचं सगळं अंथरुणातच होत होतं, आणि ते करायला घरात कुणी नव्हतं. मागचं सगळं विसरून माझ्या बायकोला पाठवा, असं तो म्हणाला होता. भावकीतली चार माणसं बरोबर आणली होती. त्यांच्यासमोर भावानं शब्द दिला होता.

"तू तं आता सेवाच शिकून राह्यली," भाऊ म्हणाला. "घरच्या माणसाची कर. लोकाइची करण्यापरीस."

"मी पास झाले की नोकरीची ऑर्डर निघंन. मी नोकरीवर जाईन."

"अन् नापास झाली तं?"

मी तेव्हा चिवड्याचा पुडा हातात दाबत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तं तू म्हणशील त्या दारात मले सोड. मी एक शब्द नाई बोलणार."

"मी परीक्षेच्या दिवशी येतो," भाऊ म्हणाला. तो गेल्यावर मला माझाच राग आला. असं कशाला बोलून बसले? पण बोलले ते बोलले. आमच्या घरात दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नाही, आणि भावानंही ते ऐकून मान हलवली होती. प्रात्यक्षिकाचा निकाल त्याच दिवशी संध्याकाळी सांगत. म्हणजे त्या संध्याकाळी मी नर्स तरी होणार होते, नाहीतर दिगांबरच्या आईच्या अंथरुणाशी बसणार होते, आणि तेही दुसऱ्या बाईनं सोडलेल्या जागेवर.

परीक्षेच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. ती माणसं दारात गर्दी करून आत डोकावत होती. त्यांत मला भाऊ दिसला. त्याच्या पायाशी माझी पत्र्याची पेटी होती. होस्टेलच्या बाईंकडून त्यानं ती आधीच मागून आणली होती, दोरीसुद्धा बांधली होती.

आणि आता माझ्यासमोर ही शांता इंगळे, नाव न सांगता हसत होती.

मी गाव विचारलं. ती म्हणाली, धानोरा. जुळलं. मूल विचारलं. पोरगी, ती म्हणाली, आणि शेजारी निजलेलं गाठोडं दाखवलं. तेही जुळलं. सासूला विचारावं म्हटलं तर सासू सकाळीच डिंक आणायला गावी गेली होती. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं.

"ताप चढतो, उतरतो," पिंपळखुटे मॅडम म्हणाल्या. "खोडके, एका पेशंटला किती वेळ लावणार?"

"मॅडम, नाव पूर्ण झालं नाही."

"कागदावर आहे."

"तिच्या तोंडून नाही आलं."

मॅडमनी ओठ आवळले. वॉर्डाच्या टोकाला साळवे बाई उभ्या होत्या. परीक्षा चालू असताना ट्यूटरनं बोलायचं नाही असा नियम होता, आणि त्या नियमाच्या पक्क्या होत्या. त्या आपल्या बुटांकडे पाहत होत्या. मला वाटलं, यांनी एकदा वर पाहावं. त्यांनी पाहिलं नाही.

सोप्पं होतं. टोचून टाकायचं. गाव जुळलं, मूल जुळलं, आडनाव जुळलं, कागद समोर होता आणि परीक्षकच पुढे चला म्हणत होत्या. काही बिघडलं असतं तर दोष माझा नव्हता. पण ते कपाळ थंड होतं, आणि मी एकदा नाव तिच्या तोंडून म्हटलं होतं ते म्हटलं होतं. हट्टी म्हणून माहेरी मी आधीच बदनाम होते. मला मुलाखतीतल्या साहेबांची थट्टा आठवली.

"शांताबाई," मी म्हटलं, "सरळ नका घेऊ. उखाण्यात घ्या."

तिचे डोळे चमकले. तिला गंमत वाटली. "तुमी घ्या पयले," ती म्हणाली. "मंग मी घेतो."

खाटांवरच्या बायका कोपरांवर उठून बसल्या. हो सिस्टर, तुमीच घ्या पयले, असा एकच गलका झाला. नर्स झाली तरी बाईच ना, कुणीतरी म्हणालं. दारातली माणसंही आणखी पुढे सरकली.

ते नाव मी किती दिवस आत कोंडून ठेवलं होतं. ते घ्यायचं म्हणजे त्याला नवरा म्हणून कबूल करायचं, असं मला वाटायचं. दारात माझी दोरी बांधलेली पेटी होती. पाठीमागे पिंपळखुटे मॅडमच्या पेनाची टकटक ऐकू येत होती. मला एकदम असा संताप आला, की त्यानं माझी भीतीच गेली. हा माणूस माझ्या घरात आडवा आला होता, आता माझ्या परीक्षेतही आडवा यायला निघाला होता, नुसतं नाव होऊन. मी खाली पाहिलं. माझ्या विद्यार्थिनीच्या गणवेशाची पांढरी साडी, तिला निळा काठ. मी ट्रे नीट धरला आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"पांढऱ्या साडीला माझ्या निळी किनार,
दिगांबररावांच्या दारी आता मी नाही जाणार."

उखाणा ऐकून बायका हसतात, वा म्हणतात. इथं कुणी काही म्हणालं नाही. एका कोपऱ्यात एक मूल रडायला लागलं आणि आईनं त्याला छातीशी घेतलं. शांता माझ्याकडे पाहत राहिली. तिचं हसू गेलं होतं. ती हळूच उठून बसली, डोक्यावर पदर नीट घेतला, आणि लग्नात घेतात तसा खालच्या मानेनं, पण खणखणीत उखाणा घेतला.

"खिडकीपाशी लेकीले माह्या लागत होता वारा,
वासुदेवरावांचं नाव घेतलं, आता तुमचं काम करा."

आता मात्र सगळा वॉर्ड हसला. जमलं बाप्पा, शेजारची म्हणाली. मीच तेवढी हसले नाही. मी केसपेपर हातात घेतला आणि पुन्हा वाचला. गजानन.

"वासुदेवराव?" मी विचारलं.

"हो तं. घेतलं ना एकडाव," ती लाजून म्हणाली.

"तुम्ही या खाटेवर कधी आलात?"

मग सगळं बाहेर आलं. आदल्या दिवसापर्यंत ही खिडकीच्या खाटेवर होती. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हा सगळ्या सासवांचा कायदा. हिच्या सासूनं सकाळी उठल्याबरोबर आतली खाट शोधली. आतल्या खाटेवर त्यांच्याच भावकीतली दुसरी शांता होती, गजाननची. तिला तापानं गरम होत होतं, ती म्हणाली, मले खिडकीच बरी. दोघींनी आपापली गाठोडी आणि आपापल्या पोरी उचलल्या नि खाटा बदलल्या. कागद मात्र दांड्यांना लटकत जिथल्या तिथं राहिले. त्यांच्या लेखी ते कागद खाटेचे होते, बाईचे नव्हते. सासू निश्चिंत होऊन डिंक आणायला गेली.

साळवे बाई जागच्या हलल्या. त्या खिडकीच्या खाटेकडे गेल्या, तिथला केसपेपर काढला आणि पिंपळखुटे मॅडमच्या हातात दिला. तो शांता वासुदेव इंगळेचा होता. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, पेनिसिलीन देऊ नये, मागे एकदा दिलं तेव्हा श्वास कोंडला होता. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

"तुमचं काम पुरं करा," त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

मी योग्य तो कागद आणि ट्रे घेऊन खिडकीकडे गेले. दुसरी शांता डोक्यावरून चादर घेऊन पडली होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी वाकून म्हटलं, पूर्ण नाव सांगा. तिनं डोळेही उघडले नाहीत.

"शांता गजानन इंगळे," ती एका दमात म्हणाली. तिला लाजायलाही त्राण नव्हतं.

मी इंजेक्शन दिलं. मग सिरिंज धुऊन ठेवली.

बाहेर जाताना पिंपळखुटे मॅडम माझ्याजवळ थांबल्या. "वेळेचे गुण मला देता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "वेळ गेली ती गेली." मी हो मॅडम म्हटलं. मला ते पटलंही. साळवे बाई मागून आल्या, जाता जाता माझ्या साडीच्या काठाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, की किनार बरी जुळवलीस. त्यांनी माझी केलेली तेवढी एकच स्तुती.

मी व्हरांड्यात आले. भाऊ पेटीशी उकिडवा बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. वेळेचे गुण गेले होते, बाकीच्यांचं काय होईल ते माहीत नव्हतं, आणि मी शब्द दिलेला होता.

"निकाल संध्याकाळी हाय," मी म्हटलं. "थांब तवालोक."

तो उठला, पेटी खांद्यावर घेतली आणि होस्टेलच्या दिशेनं चालायला लागला. मी मागं धावले. विचारलं, की अरे, कुठं नेतो?

"ठेवून येतो. जिथून आणली तिथं."

"अन् निकाल?"

"पास-नापास तुयं तू पाहा." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मले वाटे, तू रुसून बसली हाय. येशीन कवा ना कवा, म्हणून म्या शब्द देल्ला. चार माणसाइसमोर म्या शब्द देल्ला, पण तू तं सगळ्या वार्डासमोर नाव घेऊन सांगतलं. उखाण्यात कोणी खोटं बोलत नाई. मी सांगतो दिगांबरले."

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. कोर्सभर रडले नव्हते, ते सगळं तेव्हा रडून घेतलं.

संध्याकाळी साळवे बाईंनी नावं वाचली. मी पास झाले होते, पहिली वगैरे नाही, मधे कुठंतरी. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर छापलेलं होतं, द्वारका दिगांबर खोडके. बाईंनी विचारलं, की नाव बदलून घ्यायचं असेल तर आत्ताच अर्ज कर. मी म्हटलं, राहू द्या, ते आता माझ्या कामाचं आहे.

आणि ते खरंच कामाला आलं. पुढे उपकेंद्रावर नोकरी केली, खेडोपाडी फिरले. कुणी बाई नाव सांगायला लाजली की मी म्हणायची, उखाण्यात घ्या. ती म्हणायची, तुमी घ्या पयले. मी माझा निळ्या किनारीचा उखाणा घ्यायची, बायका आधी चपापायच्या, मग हसायच्या, मग नाव सांगायच्या. इतक्या वेळा घेतलं ते नाव, की त्यातला राग कधी झिजून गेला मला कळलंही नाही.

मग एक दिवस बाजाराच्या गावी मी इंजेक्शनच्या टेबलाशी बसले होते. रांग मोठी होती. पायाला फडकं गुंडाळलेला एक माणूस लंगडत पुढे आला. लाकूड फोडताना कुऱ्हाड पायावर बसली होती, डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. केस पिकलेले, गाल आत गेलेले. त्यानं चिठ्ठी पुढे केली आणि माझ्याकडे पाहून तिथंच थबकला.

"द्वारका?"

"पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं.

"मले ओळखत नाई का तू?"

"इथं ओळखीवर सुई टोचत नाहीत. नाव तुमच्या तोंडून सांगा."

मागची रांग चुळबुळ करायला लागली. मग तो खाली पाहत, हळू आवाजात म्हणाला, "दिगांबर सखाराम खोडके."

मी चिठ्ठी पाहिली. नाव जुळलं. मी त्याला बाही वर करायला सांगितली.